पॉइंट कॅरम

पॉइंट कॅरम : कॅरमच्या पटावर रंगांच्या बाजू न पाडता गुणांवर खेळायचा डाव. पट, स्ट्रायकर आणि १९ सोंगट्या नेहमीच्याच. काळी असो वा पांढरी, कोणतीही सोंगटी कोणीही घ्यावी आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकला. सांगली व सातारा जिल्ह्यांत गणेशोत्सवातले मंडप, तरुण मंडळांच्या खोल्या, वसतिगृहे आणि सुटीतली घरे ही या डावाची नेहमीची ठिकाणे. काळी-पांढरीचा, म्हणजे आपापल्या रंगाच्या सोंगट्या घेण्याचा, नेहमीचा डाव दोघांत, नाहीतर चौघांच्या दोन जोड्या करूनच होतो. पॉइंटला तिघेही बसू शकतात. डाव टिकून राहण्याचे मुख्य कारण बहुधा हेच.

उगम : पॉइंटचा इतिहास कॅरमच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, आणि कॅरमचा उगमच वादग्रस्त आहे. पतियाळाच्या एका राजवाड्यात काचेचा जुना पट आहे, म्हणून खेळ भारतातच जन्मला, हे मत वरचेवर उद्धृत होते. त्या पटाचा काळ मात्र ठामपणे सांगितला जात नाही. काचेच्या पटावरून संस्थानिकांची हौस दिसते, खेळाचे वय कळत नाही. दुसरे मत क्रोकिनोल या कॅनडातील खेळाकडे बोट दाखवते. त्याचा सर्वांत जुना ज्ञात पट १८७६ चा, आँटॅरिओ प्रांतातला. चकत्या बोटाने टिचकावण्याचे तंत्र दोन्हींत सारखे आहे. पण क्रोकिनोलचे भोक एकच आणि तेही मध्यभागी, शिवाय चौकटीवरून रिबाउंड घेण्याला त्यात स्थान नाही. साम्य टिचकीपाशीच संपते. तिसरे मत अमेरिकेतील मिशिगन राज्यात, लुडिंग्टन येथे हेन्री हॅस्केल यांनी १८९० च्या दशकात तयार केलेल्या पटाचे. तो चौकोनी असून कोपऱ्यांत जाळीची पॉकेटे होती. रूपाने हा पट आपल्या कॅरमच्या सर्वांत जवळ येतो, तरी त्याच्या सोंगट्या कड्यांसारख्या पोकळ होत्या, आणि कोणी कोणाचे उचलले हे त्यावरून ठरत नाही.

चौकट, रिबाउंड आणि कोपऱ्यातली पॉकेटे ही तिन्ही अंगे बिलियर्ड्सच्या टेबलाची आहेत. लष्करी छावण्यांतून तो खेळ भारतभर पोचला होता. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत झाला, असे बहुतेक ग्रंथ मानतात. टेबल परवडत नाही तेथे लाकडी फळी आणि टिचकी, हा मार्ग अधिक संभवनीय वाटतो. रंगाला किंमत लावण्याची पॉइंटची पद्धतही स्नूकरशी जुळते, मात्र ती तेथूनच आली असे म्हणण्यास लेखी आधार नाही.

गुण : काळी ५, पांढरी १०, राणी २५ ही पद्धत सर्वांत रूढ. काही ठिकाणी १०-२०-५० धरतात, लहान मुले १-२-५ वर खेळतात. यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तिन्हींचे प्रमाण एकच आहे. पहिल्या पद्धतीत पटावर एकूण १६० गुण असतात : नऊ काळ्यांचे ४५, नऊ पांढऱ्यांचे ९० आणि राणीचे २५. दोघांत ८५ झाले की बोर्ड, म्हणजे ती एक फेरी, जिंकला. ८०-८० अशी बरोबरीही होते. एकाकडे राणी, एक काळी व पाच पांढऱ्या आणि दुसऱ्याकडे आठ काळ्या व चार पांढऱ्या, हे त्याचे एक उदाहरण. अशा वेळी राणी घेणाऱ्याला बोर्ड द्यायचा की पुन्हा मांडायचा, हे आधीच ठरवावे लागते.

मांडणी : मध्ये राणी, तिच्याभोवती आलटून-पालटून सहा, बाहेर बारा आणि पांढऱ्यांचा ‘वाय’ (इंग्रजी Y चा आकार) ब्रेक, म्हणजे पहिला फटका, करणाऱ्याच्या बाजूला. काळी-पांढरीत ‘वाय’ थोडा फिरला तरी फारसे बिघडत नाही. पॉइंटमध्ये बिघडते, कारण पॉकेटच्या रोखाने पांढरी येते की काळी, यावर पहिल्याच फटक्याची किंमत दुप्पट किंवा निम्मी होते. मांडणी ब्रेक करणाऱ्यानेच केली तर तो ती आपल्या सोयीने वळवतो. म्हणून समोरच्याने एकदा पाहून घ्यावी.

राणी व ड्यू : भांडणे होतात ती येथे. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाची स्थापना १९८८ मध्ये चेन्नईत झाली. त्याच्या नियमांत आपली एक तरी सोंगटी आधी गेलेली असल्याशिवाय राणी घेता येत नाही, आणि राणीनंतर लगेच आपल्या रंगाचे कव्हर, म्हणजे राणी पक्की करणारी सोंगटी, द्यावे लागते. पॉइंटमध्ये आपला रंगच नसतो. कोणतीही सोंगटी कव्हर धरली तर राणी फार स्वस्त होते, म्हणून काही मंडळे कव्हरला पांढरीच मागतात. कव्हर चुकले की राणी मध्यभागी परत, यावर दुमत नाही. राणी शेवटी एकटी उरली तर तिला कव्हर कशाचे, हा प्रश्न मात्र सुटत नाही. ८०-५५ अशा स्थितीत ती मागच्याला बिनकव्हर मिळाली की बोर्ड थेट बरोबरीत येतो. राणी शेवटची सोंगटी राहता कामा नये, म्हणजे शेवटच्या दोनांत आधी राणीच गेली पाहिजे, ही अट घातलेली बरी.

स्ट्रायकर होलमध्ये, म्हणजे पॉकेटमध्ये, गेला की ड्यू, म्हणजे दंड. काळी-पांढरीत आपल्या रंगाची एक सोंगटी परत मांडली जाते. पॉइंटमध्ये कोणती द्यायची? निवड चुकणाऱ्याकडे असेल तर तो काळी देणार. ज्याच्याकडे काळी नाही त्याला पांढरी द्यावी लागते, म्हणजे त्याच चुकीचा दुप्पट भुर्दंड. यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी सोंगटी न काढता कागदावर १० वजा करतात. मग दोघांच्या गुणांची बेरीज १६० ऐवजी १५० होते, आणि ८० ला निम्मे धरणाऱ्याचा हिशेब चुकतो. सोंगटीसह स्ट्रायकर गेला तर महासंघाच्या नियमाने ती सोंगटी आणि वर एक ड्यू असे दोन्ही परत येतात, पण खेळी त्याचीच राहते. अनेक मंडळांत खेळीही जाते. बेसच्या, म्हणजे स्ट्रायकर ठेवायच्या रेषेच्या, मागची सोंगटी सरळ मारावी की आधी रिबाउंड हवा, अंगठ्याने मारलेले चालते का, यांवरही एकमत नाही. अंगठा महासंघाला मान्य आहे.

प्रमाणीकरण : सांगली-साताऱ्याला नियम एकसारखे करण्याचा प्रश्न नवा नाही. हुतूतूचे (कबड्डीचे) नियम साताऱ्यात १९१८ च्या सुमारास बांधले गेले असे नोंदलेले आढळते. दुसरीकडे १९२१ हे वर्ष दिले जाते. १९२३ मध्ये बडोद्यास अखिल भारतीय सामने झाले, याबाबत मतभेद कमी आहेत. तेव्हा संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार चालत, आणि बाद झालेला गडी पुन्हा आत येतो की नाही हाच त्यांच्यातला मूळ फरक होता. एवढी दरी असताना दोन गावांचा सामना जमणे कठीण होते, म्हणून एकच नियमावली आवश्यक ठरली. पॉइंटमध्ये गुणांचे प्रमाण आधीच एक आहे. स्पर्धांसाठी काळी-पांढरीची नियमावली तयार आहे, तिच्यात २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा गेम आणि राणीला ३ गुण अशी सविस्तर तरतूद आहे. पॉइंटसाठी वेगळी संघटना किंवा पुस्तिका काढण्याची गरज दिसत नाही. ड्यूची सोंगटी, राणीचे कव्हर, सोंगटीसह स्ट्रायकर गेल्यास खेळी, बरोबरी आणि बेसमागचा फटका, या पाच गोष्टी मंडळाने फळ्यावर लिहिल्या की पुरते. तिघांचा डाव असेल तर निम्म्याचा हिशेब लागू पडत नाही. शेवटची सोंगटी जाईपर्यंत खेळावे लागते.

साहित्य : येथे मात्र प्रमाण पाळावे. नियमाप्रमाणे पटाची खेळायची बाजू ७३.५ ते ७४ सेंमी, पॉकेटचा व्यास ४.४५ सेंमी, सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅम आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅम. बाजारात याहून जड स्ट्रायकरही मिळतात. जड स्ट्रायकर ब्रेकला सोंगट्या चांगल्या फोडतो, पण पातळ प्लायच्या पटावर चौकटीचे सांधे ढिले करतो आणि मग रिबाउंड मरतो. प्रत्येकाने आपला स्ट्रायकर आणायचा असेल तर सोनाराच्या काट्यावर एकदा वजन करून घ्यावे.

पावसाळ्यात, विशेषतः पाटण-जावळीच्या पट्ट्यात, प्लाय ओल धरतो आणि सोंगटी मध्येच अडते. अत्तराची टाल्कम पावडर टाकल्यास पट चिकट होतो. बारीक बोरिक पावडर चिमूटभर पुरते, आणि ओली होऊन गुठळ्या झाली की कोरड्या फडक्याने पुसून नवी घालावी. पूर्वी पटावर टांगलेला १०० वॉटचा बल्ब उजेडाबरोबर पटही सुकवत असे. एलईडी दिव्याने ती ऊब जाते, त्यामुळे श्रावणात खेळण्याआधी पट कोरड्या खोलीत काही वेळ ठेवावा. भिंतीला तिरपा टेकवलेला पट वाकतो. तो आडवा ठेवावा किंवा सरळ टांगावा.

घरगुती लहान पटांवर पॉकेटेही लहान असतात, आणि मोठ्या पटाच्या सोंगट्या त्यांत अडकतात. अशा पटावर त्याच्याच सोंगट्या वापराव्यात.