गुडघा दुखतो, पण कूर्चा दुखत नाही

'गॅप कमी झालीय', 'वंगण संपलंय', 'गादी झिजलीय'. गुडघ्याचा एक्स-रे काढून आलेल्या माणसाच्या तोंडी यांतलं एखादं वाक्य हमखास असतं. मग तो पुढचा हिशोब मनाशीच करतो: झिजलंय ते भरून येणार नाही, चाललं तर आणखी झिजेल, तेव्हा ऑपरेशन होईपर्यंत गुडघा जपायचा. यातली पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. पुढच्या दोन खऱ्या नाहीत, आणि त्यांच्यापायी फार माणसं विनाकारण घरात बसतात. कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत, लवचिक थराची झीज आणि गुडघ्याचं दुखणं या दोन गोष्टी एकच, असं वैद्यकानंही कैक वर्षं मानलं. ती गाठ कशी सुटत गेली, ते पाहण्यासारखं आहे.

चरकसंहितेत सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन आहे: हवा भरलेल्या पखालीसारखी हाताला लागणारी सूज, आणि सांधा पसरताना-आखडताना वेदना. लक्षणं अचूक टिपली आहेत. सांध्याच्या आत नेमकं काय बिघडतं, हे मात्र सांधा उघडून पाहिल्यावरच कळणार होतं. १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटर या पंचविशीतल्या शरीरशास्त्रज्ञानं सांध्यांच्या कूर्चेवर निबंध मांडला. कूर्चेतले तंतू हाडावर मखमलीच्या लवीसारखे उभे असतात, असं त्यानं लिहिलं. आणि कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही, हेही त्यानंच नोंदवलं.

ती भरून का येत नाही, याचं उत्तर तिच्या रचनेत आहे. गुडघ्यात कूर्चेचा थर साधारण २ ते ४ मिलिमीटर, वाटीच्या मागे त्याहून जाड. वजनाच्या सुमारे ७० ते ८० टक्के पाणीच. त्यात पेशी अगदी थोड्या, रक्तवाहिनी एकही नाही आणि मज्जातंतूही नाही. हे पाणी धरून ठेवतात ॲग्रिकन नावाचे मोठे रेणू, आणि त्या रेणूंना आवरून धरतं कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. पाय टेकला की थर दाबला जाऊन पाणी बाहेर सरकतं, पाय उचलला की परत आत ओढलं जातं. रक्तपुरवठाच नसल्यामुळे पेशींपर्यंत अन्न पोचण्यात या दाबण्या-सोडण्याचा मोठा वाटा असतो. म्हणून हालचाल पूर्ण थांबवलेल्या सांध्याची कूर्चा वाचत नाही, उलट मऊ आणि पातळ होत जाते.

या जाळ्याचं कोलॅजेन त्वचेतल्या किंवा हाडातल्या कोलॅजेनपेक्षा वेगळं, 'टाइप दोन' प्रकारचं असतं, हे १९६९ मध्ये कळलं. पुढे त्याचं आयुष्य मोजलं गेलं: प्रौढ माणसाच्या कूर्चेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला शंभर वर्षांहून जास्त काळ लागेल, इतकं ते संथ. म्हणजे वाढीच्या वयात विणलेलं जाळंच आपण जन्मभर वापरतो. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्याच्या झिजेच्या या आजारात, आधी ॲडॅम्टीएस कुळातली विकरं (एन्झाइम) ॲग्रिकन कापतात. हे नुकसान पेशी काही प्रमाणात भरून काढू शकतात. मग एमएमपी-१३ सारखी विकरं जाळंच तोडू लागतात, तिथून परतीची वाट जवळपास नाही. ही विकरं सांध्यातल्याच पेशी बनवतात, चुकीच्या भाराला आणि सुजेला प्रतिसाद म्हणून. म्हणून टायर झिजल्याचा दाखला इथे अपुरा पडतो. टायर स्वतःला खात नाही.

एक्स-रेचा शोध १८९५ चा. त्यानं सांधा न उघडता दिसू लागला आणि गल्लतही वाढली, कारण एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, म्हणजे ती 'गॅप'. १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी एक्स-रेवरून ० ते ४ अशा पायऱ्या ठरवल्या, त्या आजही रिपोर्टवर 'ग्रेड' म्हणून लिहिलेल्या असतात. १९६८ मध्ये स्वीडनच्या आल्बॅक यांनी फोटो उभं राहूनच काढायला हवा, हे दाखवून दिलं. झोपून काढलेल्या फोटोत वजन पडत नाही, त्यामुळे झिजलेला सांधाही बरा दिसतो. आजही हे हुकतं, तेव्हा फोटोच्या वेळी उभ्यानं काढायला सांगा.

ग्रेड चार असूनही आरामात जिने चढणारी माणसं असतात, आणि ग्रेड एकवर रात्र जागून काढणारीही. याचं कोडं सोडवणारा सगळ्यात थेट प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी सांध्याच्या आतला भाग बधिर न करता स्वतःच्या गुडघ्यात दुर्बीण घालून घेतली, आणि सहकाऱ्यानं सळईनं एकेक भाग दाबला तसं ते कुठे किती दुखतंय ते सांगत गेले. वाटीमागची कूर्चा दाबली तेव्हा काहीच जाणवलं नाही. वाटीखालची चरबीची गादी आणि सांध्याचं आतलं अस्तर यांना स्पर्श होताच मात्र असह्य कळ आली. २००१ पासूनच्या एमआरआयवरच्या अभ्यासांनी आणखी भर घातली: कूर्चेखालच्या हाडाच्या मगजात झालेले डाग आणि अस्तराची सूज यांचा दुखण्याशी संबंध आहे. कूर्चा गेल्यानं भार हाडावर येतो, तिचे तुकडे अस्तराला चिडवतात, म्हणून तिचा संबंध नक्कीच आहे, पण ओरडतात ते शेजारी.

याच केलग्रेननी त्याआधी, १९३० च्या दशकात, खोल स्नायूंत मिठाचं तीव्र पाणी टोचून दाखवलं होतं की खोलवरची वेदना उगमापासून दूर भलतीकडेच जाणवते. म्हणूनच खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. गुडघा दुखतो आणि गुडघ्याचा फोटो चांगला आला, तर खुबा फिरवून तपासला गेलाय का, हे विचारावं.

उपचारांत मात्र बराच काळ कूर्चेच्या चित्रालाच हात घातला जात होता. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी चकती, काढून टाकलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेत काही वर्षांनी दिसणारे बदल मांडले. तरी निरुपयोगी तुकडा समजून मेनिस्कस काढणं पुढेही कित्येक वर्षं चालू राहिलं. दुर्बिणीतून झिजलेला सांधा धुऊन-खरवडून घेण्याचीही मोठी लाट आली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या १८० रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यांतल्या काहींना कातडीवर नुसत्या चिरा दिल्या होत्या, आत काहीच केलं नव्हतं. त्यांना आणि खऱ्या शस्त्रक्रियेवाल्यांना दोन वर्षांत सारखाच फरक पडला. स्वीडनमध्ये १९९४ मध्ये रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून परत बसवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. ती तरुणांच्या एखाद्या मर्यादित खळग्यासाठी आहे, सगळीकडे झिजलेल्या सांध्यासाठी नाही. सांधाबदलाचा आधुनिक पाया जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये खुब्यासाठी खास पॉलिथिलीन वापरून घातला, आणि दुखणं खरोखर हाताबाहेर गेलेल्यांसाठी तो फार मोलाचा उपाय आहे.

औषधांचा प्रवास थोडक्यात: ॲस्पिरिन हे वेदना आणि सूज वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखतं, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पोटाला कमी बाधणारी वेदनाशामकं म्हणून कॉक्स-२ गोळ्या आल्या, त्यांतली रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये मागे घ्यावी लागली. मूत्रपिंड, रक्तदाब आणि जठराचा व्रण हे धोके अशा सगळ्याच वेदनाशामकांना कमी-अधिक लागू आहेत, त्यामुळे दुकानातून परस्पर गोळ्या आणून महिनोन्महिने घेणं घातक. गुडघ्याला डायक्लोफेनॅक जेल त्या मानानं सुरक्षित, पण ते नखभर लावून उपयोग नाही. अमेरिकेतल्या १ टक्का जेलच्या माहितीपत्रकात गुडघ्यासाठी एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा असं प्रमाण आहे. या हिशोबानं ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिनची २००६ मध्ये दीड हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली, एकूण गटात ती नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा फारशी सरस ठरली नाहीत. स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. २०१७ च्या अभ्यासात मात्र दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते घेणाऱ्यांची कूर्चा जास्त पातळ झाली आणि दुखण्यात फरक पडला नाही.

सगळ्यात बोलका प्रसंग टॅनेझुमॅबचा. वेदनेचा संदेश वाढवणाऱ्या एनजीएफ या प्रथिनाला अडवणारं हे इंजेक्शन. दुखणं कमी झालं, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्यानं ढासळले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीनं १९ विरुद्ध १ मतांनी त्याला नकार दिला.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून चार हजारांहून अधिक प्रौढांची दारोदार पाहणी झाली, तेव्हा सांध्यांचं आणि हाडा-स्नायूंचं दुखणं खेड्यातही किती पसरलेलं आहे ते आकड्यांत आलं. बीजिंगमधल्या वयस्क स्त्रियांत गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळली, आणि तरुणपणी तासन्तास उकिडवं बसण्याशी तिचा संबंध दिसला. दुखऱ्या गुडघ्याला खाली बसून भांडी घासायला लावू नये. ओटा आणि कमोड ही चैन नव्हे.

भाराचं गणितही आता हातात आहे. २००५ च्या एका अभ्यासात वजन १ किलो घटलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो, असं दिसलं. २०२४ च्या सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १३.७ टक्के वजन उतरलं आणि दुखणंही दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झालं.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. पुष्कळ जण नेमकी उलट धरतात. चप्पल घालून हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी खुर्चीतून हात न टेकता उठबस करा, ८ ते १० वेळा, असे २-३ फेरे, एक दिवसाआड. जमत नसेल तर बैठकीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला ती थोडी कमी करा. फरक पडायला ८ ते १२ आठवडे लागतात, दोन आठवड्यांत सोडून दिलं तर काही हाती लागत नाही. व्यायामाच्या वेळी दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालतं. दुखणं चोवीस तासांत पूर्वपदावर आलं, तर प्रमाण योग्य आहे. दुसऱ्या दिवशीही गुडघा सुजलेला राहिला, तर फेरे निम्म्यावर आणा, पण व्यायाम बंद करू नका.