घरची सजावट, घरचा खाऊ : कमी खर्चात आणि पहिल्याच खेपेला
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कागदाचा तारा दोन दिवसांत लोंबला. मिठाच्या कणकेच्या टिकल्यांना पाणी सुटलं. चिक्की डब्यात चिकटून तिचा एकच गोळा झाला. सणासुदीच्या तोंडावर आमच्याकडे सर्वात जास्त विचारणा होते ती या तीन गोष्टींची, आणि तिन्हींचं मूळ एकच आहे : ओलावा. कागद, मैदा, मीठ, साखर या मुळात स्वस्त वस्तू. खर्च वाढतो तो बिघडलेलं काम दुसऱ्यांदा करावं लागलं की. म्हणून खालच्या प्रत्येक कृतीत ओलावा कुठून शिरतो आणि त्याला कसं अडवायचं, याकडे विशेष लक्ष द्या.

सहा कागदांचा तारा

साहित्य घरातच असतं : छपाईचे साधे ए-४ कागद सहा (८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचे), कात्री, स्टेपलर, पारदर्शक चिकटपट्टी आणि दोरा. तयार तारा साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद होतो.

ए-४ कागद २१ × २९.७ सेंटिमीटरचा असतो. एक कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून तिरकी घडी घाला. खाली उरलेली पट्टी कापून बाजूला ठेवा. ती टाकू नका, तिचा उपयोग पुढे आहे. आता हातात २१ सेंटिमीटरचा चौकोन तिरका दुमडून झालेला त्रिकोण आहे. त्याची टोकाला टोक लावून आणखी एकदा घडी घाला. या लहान त्रिकोणाच्या तीन कडा नीट ओळखा : एक कड उघडी, म्हणजे सुटे कागद दिसणारी, दुसरीवर दोन घड्या एकमेकींवर बसलेल्या, तिसरी एकच जाड घडी.

उघड्या कडेला समांतर अशा तीन रेघा २.५, ५ आणि ७.५ सेंटिमीटर अंतरावर आखा. दोन घड्यांच्या कडेपासून कात्री चालवायला सुरुवात करा आणि जाड घडीच्या ५ मिलिमीटर अलीकडे थांबा. इथेच बहुतेकांचं चुकतं. कात्री जाड घडीतून आरपार गेली तर कागद उघडताना तुकडे सुटे होतात. उलट १ सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा सोडली तर पट्ट्या वळवताना कागद आखडतो आणि चुरगळतो.

कागद पूर्ण उघडा. एकात एक बसलेले चौकोन दिसतील. सगळ्यात आतल्या चौकोनाची दोन सुटी टोकं पुढे आणून नळीसारखी जोडा आणि चिकटपट्टी लावा. कागद उलटा करा, पुढच्या चौकोनाची टोकं जोडा. पुन्हा उलटा, पुन्हा जोडा. चार जोड झाले की एक पाकळी तयार. अशा सहा करा. तीन पाकळ्यांची टोकं एकत्र धरून स्टेपल करा, उरलेल्या तिघींचंही तसंच करा, मग दोन्ही गट मध्यभागी एकमेकांना जोडा. शेजारच्या पाकळ्या जिथे एकमेकींना टेकतात तिथेही एकेक पिन मारा. ही शेवटची पायरी गाळली तर तारा पहिल्या दिवशी चांगला दिसतो आणि मग एका बाजूला झुकतो.

चौकोन ३० सेंटिमीटरपेक्षा मोठे घ्यायचे असतील तर कागद १२० जीएसएमच्या पुढचा हवा. ८० चा आपल्याच वजनाने वाकतो. पाकळ्या जोडायला पातळ गोंद किंवा खळ वापरू नका. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागलेले असतात. ओल लागली की ते लांबीत फारसे वाढत नाहीत, पण रुंदीत फुगतात, आणि वाळताना कागद सुरकुततो. तंतूंची दिशा ओळखणं सोपं आहे : कागदाचा एक तुकडा आधी उभा आणि मग आडवा फाडून पाहा. ज्या दिशेने तो बराचसा सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. दुसऱ्या बाजूने तो वेडावाकडा, दातेरी फाटतो. जाड कार्डशीटची घडी तंतूंच्या दिशेने घातली की कड स्वच्छ येते. आडवी घातली तर घडीवर रंग फुटतो आणि आतला पांढरा दिसतो.

तारा स्वयंपाकघराच्या वाफेजवळ किंवा न्हाणीघराच्या दारात टांगू नका. आत दिवा सोडायचा असेल तर फक्त एलईडी. मेणबत्ती किंवा तापणारा बल्ब कागदाजवळ नको म्हणजे नकोच.

उरलेल्या पट्ट्यांची साखळी आणि घरची खळ

प्रत्येक कागदामागे २१ × ८.७ सेंटिमीटरची पट्टी उरली आहे. तिचे लांब कडेला समांतर कापून तीन सारखे भाग करा, म्हणजे प्रत्येक पट्टी २१ × २.९ सेंटिमीटरची होईल. सहा कागदांमागे १८ पट्ट्या होतात. एकात एक कडी अडकवत, टोकं १ सेंटिमीटर एकमेकांवर घेऊन चिकटवत गेलात की मीटरभर साखळी होते. कागद दोन्ही बाजूंनी रंगीत असेल तर उत्तम.

एवढ्याशा जोडाला खळ चालते, कारण ती बोटाने अगदी पातळ लावता येते. दोन मोठे चमचे मैदा १५० मिलिलिटर थंड पाण्यात आधी पूर्ण कालवा आणि मगच मंद आचेवर ठेवून सतत ढवळा. तीन-चार मिनिटांत पांढरेपणा जाऊन मिश्रण अर्धपारदर्शक होईल, तेव्हा उतरवा. मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर प्रत्येक कणसमूहाचं बाहेरचं पीठ फुगतं, आतलं कोरडंच राहतं आणि गुठळ्या होतात; त्या नंतर मोडत नाहीत. खळ फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची पद्धत आहे, पण मोरचूद विषारी असतं. मुलांसोबत काम करताना ते घरात आणूसुद्धा नका.

मिठाच्या कणकेचे आकार

प्रमाण वाटीने घ्या, वाटी कोणतीही चालेल : दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका. सगळ्या पिठांना सारखं पाणी लागत नाही. कणीक ८ ते १० मिनिटं मळा. खाण्याचा सोडा आधीच मिसळलेलं, आपोआप फुगणारं पीठ घेतलं तर आकार फुगून बेढब होतात, म्हणून पाकीट वाचून घ्या. जाड मीठही टाळा, त्याचे खडे पृष्ठभागावर उठून दिसतात.

५ ते ६ मिलिमीटर जाड लाटा. झाकणाने किंवा साच्याने आकार कापा. दोरा ओवायचं भोक आत्ताच, शीतपेयाच्या नळीने, कडेपासून १ सेंटिमीटर आत पाडा. वाळल्यावर पाडायला गेलात तर तुकडा फुटेल. ओव्हन १०० ते ११० अंश सेल्सिअसवर ठेवून दोन ते तीन तास वाळवा आणि मध्ये एकदा उलटा. घाई करून १५० वर ठेवलं तर वरचा थर आधी सुकून बंद होतो, आतली वाफ अडकते, आणि फुगवटे येतात किंवा तडे जातात. ओव्हन नसेल तर जाळीवर, वारा लागेल अशा जागी तीन-चार दिवस ठेवा. सकाळ-संध्याकाळ उलटत राहा. वाळलं का हे बघायला मागच्या बाजूच्या मध्यभागी नख दाबा. खूण उमटली तर आत ओल आहे.

पूर्ण वाळल्यावर रंग द्या आणि वार्निशचे दोन हात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून वार्निश पुढे, मागे, कडांना आणि भोकाच्या आतही लागलं पाहिजे. ओलसर तुकड्यावर वार्निश लावलं तर उलटंच होतं : ओल आत कोंडली जाते आणि काही आठवड्यांत रंगाचे पापुद्रे निघतात.

घरात कुत्रा असेल तर हे तुकडे त्याच्या तोंडाला येतील असे टांगू नका. या कणकेत मिठाचं प्रमाण इतकं असतं की ती कच्ची किंवा भाजलेली खाणं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. खाल्ल्याचं लक्षात आलं तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.

संत्र्याच्या चकत्या

५ मिलिमीटरच्या सारख्या चकत्या कापा आणि कापडाने दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. जाळीवर ठेवून ९० ते १०० अंशांवर तीन ते चार तास सुकवा, दर तासाला उलटा. गराचा मधला भाग बोटाला चिकटत असेल तर अजून वेळ हवा. हीच चकती पुढे बुरशी धरते आणि शेजारच्यांनाही लावते. तापमान वाढवलं तर साल तपकिरी होते.

मक्याच्या लाह्यांची माळ

ओलावा हवाहवासा असण्याची ही एकच जागा. दाण्याच्या आत साधारण १४ टक्के पाणी असतं. त्याची वाफ होऊन टरफल फुटतं तेव्हा लाही होते. जुने दाणे सुकलेले असतात म्हणून ते गुपचूप खाली पडून राहतात. असे दाणे फेकून देऊ नका. तीन वाट्या दाण्यांमागे एक मोठा चमचा पाणी बरणीत घाला, हलवा, झाकण घट्ट लावा आणि दोन-तीन दिवस अधूनमधून हलवत राहा. बरेचसे पुन्हा फुटू लागतात.

माळेसाठी लाह्या बिनमिठाच्या आणि शक्य तितक्या कमी तेलाच्या हव्यात. आदल्या दिवशी करून उघड्या ठेवा. ताजी लाही सुईने भोसकली की चुरते. रात्रभरात ती किंचित मऊ पडते आणि न फुटता ओवली जाते. बारीक सुई, जाड दोरा, आणि सुई लाहीच्या जाड भागातून. टांगून धूळ बसलेली माळ खायला देऊ नका.

शेंगदाण्याची कडक चिक्की

२०० ग्रॅम साखर, ६० मिलिलिटर पाणी, अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस, २०० ग्रॅम भाजून सोललेले दाणे, एक छोटा चमचा लोणी, पाव चमचा खाण्याचा सोडा. ताटाला किंवा ओट्याला आधीच तेल लावून ठेवा, दाणे कोमट ठेवा. थंड दाणे टाकले की पाक तिथल्या तिथे आळतो आणि पसरवता येत नाही.

जाड बुडाच्या भांड्यात साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळा. उकळी आली की चमचा बाजूला. भांड्याच्या कडेला साखरेचे कण दिसले तर ओल्या ब्रशने खाली उतरवा, कारण असा एक कण पाकात पडला तरी त्याभोवती सगळा पाक दाणेदार होऊ शकतो. लिंबाचा रसही त्याचसाठी : आंबटपणामुळे थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि स्फटिक सहजी जमत नाहीत.

पाक १४९ ते १५४ अंशांपर्यंत न्यायचा. थर्मामीटर नसेल तर वाटीभर गार पाण्यात थेंब टाका. बोटांत धरून मऊ गोळी झाली तर पाक अजून गोळीबंदाच्या आसपास, ११५ अंशांच्या घरात आहे. घट्ट गोळी झाली तर १२५ च्या आसपास. थेंब पाण्यात पडताच तडकला, बाहेर काढून वाकवताना वाकण्याऐवजी कट्‌कन मोडला आणि दाताला चिकटला नाही, की पाक झाला. बहुतेकांची चिक्की चिकट होते ती याच्या आधीच उतरवल्यामुळे : दहा-पंधरा अंशांचा फरक म्हणजे पाकात राहून गेलेलं पाणी. १४० च्या पुढे आच मंद करा. शेवटचे अंश झपाट्याने चढतात आणि पाक करपून कडवट होतो.

थर्मामीटर वापरण्याआधी उकळत्या पाण्यात धरून बघा. तो ९७ दाखवत असेल तर पाकासाठी वर दिलेल्या आकड्यांतूनही ३ वजा करा. उंचावरच्या गावात पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे हे करायलाच हवं.

आच बंद करून लोणी आणि दाणे घाला, शेवटी सोडा शिंपडून भरभर एकदाच ढवळा. फेस येऊन चिक्की हलकी, खुसखुशीत होते. लगेच ओता, तेल लावलेल्या लाटण्याने पसरवा, गरम असतानाच सुरीने रेघा मारा. मुलांना या वेळी लांब ठेवा. पाक कातडीला चिकटून राहतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा खोल भाजतो. जवळ गार पाण्याचं पातेलं असू द्या. भांड्याला चिकटलेला पाक खरवडू नका, त्यात पाणी घालून उकळा.

चिक्की हाताला गार लागली की त्याच घटकेला हवाबंद डब्यात भरा, थरांमध्ये बटर पेपर घाला. रात्रभर ताटात उघडी राहिली तर सकाळी चिकटच मिळेल.

काय कधी करायचं

कणकेचे आकार दोन आठवडे आधी करा, म्हणजे वार्निश सुकायला वेळ मिळतो. तारा आणि साखळी केव्हाही. चकत्या आठवडाभर आधी, लाह्यांची माळ दोन दिवस आधी, चिक्की तीन-चार दिवस आधी आणि शक्यतो कोरड्या हवेच्या दिवशी. सण झाल्यावर ताऱ्याच्या पिना काढून पाकळ्या सपाट न दाबता खोक्यात उभ्या ठेवा. कणकेचे आकार कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह हवाबंद डब्यात भरा. नव्या चपलांच्या किंवा पर्सच्या खोक्यात येणाऱ्या पुड्या यासाठी जपून ठेवल्या तर वेगळ्या विकत घ्याव्या लागत नाहीत.