लवकर उरकलेला एमआरआय अर्धवट असतो का?
परळला एमआरआय करून आलेल्या काकू हमखास कुरकुरतात, "एवढ्यात बाहेर काढलं, नीट केलाच नसणार!" कुणी म्हणतं, किरणांचा डोस वाढवला. अहो, एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. वेळ जातो तो शरीरातून येणारे रेडिओ संकेत ओळीओळीने नोंदवण्यात. पण चित्रातली माहिती थोडक्या आकड्यांत मावते. मोबाइलमधला फोटो जेपेगमध्ये लहान होतो ना, तशी. म्हणून संकेत कमीच घ्यायचे, तेही मुद्दाम विस्कळीत. ठरावीक अंतराने वगळले तर चित्रावर चित्र चढतं. विखरून वगळले तर नुसती खरखर उरते, ती गणिताने पुसता येते. कॅन्डेस, रॉम्बर्ग, ताओ आणि डोनोहो या संशोधकांचा हा सिद्धांत २००६चा. लस्टिग आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये तो एमआरआयला लावला. हाव करून फारच वगळलं, तर मात्र बारीक तपशील पुसट होतात.