वहीतला तिसरा रकाना

वही साधी, दोनशे पानी. आत पट्टीने आखलेले तीन रकाने: नाव, नातं, गरज. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी ती मला वाचायला दिली, तेव्हा त्यांच्या हॉलमधल्या कपाटात पावडरचे डबे अजून खालपासून वरपर्यंत रचलेले होते. "लिहायचं तर लिहा," त्या म्हणाल्या. "माझं नाव नको, कंपनीचंही नको. परत कोणी दारात यायला नको."

पहिलं नाव मावसबहिणीचं. गरज: 'भावजींचं दुकान बंद.' दुसरं शाळेतल्या मैत्रिणीचं: 'मुलीचं लग्न.' पाचव्या ओळीत सिन्नरचे काका, त्यांच्यापुढे एकच शब्द, 'गुडघे.' बाराव्या ओळीत एक बाई: 'स्वतःच्या हातात पैसा नाही.' अशी शंभर नावं. पहिल्या मीटिंगनंतर अपलाइनने, म्हणजे ज्यांनी ताईंना जोडलं त्यांनी, हीच यादी करायला सांगितली होती. हा येईल, तो येणार नाही असं ठरवायचं नाही, सुचेल ते नाव लिहायचं. आणि प्रत्येकाला आयुष्यात काय कमी पडतंय, ते पुढे मांडायचं.

मल्टिलेव्हल मार्केटिंगच्या नावाखाली चालणाऱ्या साखळी योजनांत कोण सापडतं, असं विचारलं की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: 'लोभी माणसं. फुकटचा पैसा हवा असतो त्यांना.' मीही हेच म्हणायचो. वही वाचल्यावर म्हणवत नाही. त्या तिसऱ्या रकान्यात लोभ जवळजवळ कुठे नाही. आजारपण आहे, हप्ते आहेत, कंत्राट संपलेलं आहे, मुलाची फी आहे. मावसबहिणीच्या नवऱ्याचं दुकान बंद पडलंय, हे जगातल्या कुठल्या कंपनीला कळणार होतं? ते फक्त आपल्याला माहीत असतं. अडलेला माणूस शोधून काढायचं काम कंपनी करतच नाही. ते ती आपल्याकडून करून घेते, तेही प्रेमाने.

अडलेल्या माणसाचा निर्णय का चुकतो, यावर २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक गाजलेला अभ्यास आला. संशोधकांनी तमिळनाडूतल्या विलुपुरम आणि तिरुवण्णामलै जिल्ह्यांतल्या ४६४ ऊस उत्पादकांना बुद्धीच्या चाचण्या दिल्या, एकदा तोडणीआधी आणि एकदा तोडणीनंतर. उसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात, त्यामुळे तोडणीआधी हात आखडलेला आणि नंतर सैल. माणूस तोच, पण तोडणीआधी त्याची कामगिरी सरासरीने खालावलेली दिसली. संशोधकांचं म्हणणं असं की टंचाई डोक्यातली जागा अडवून बसते. हप्ता, उधारी, दवाखाना यांचा हिशोब मागे सतत चालू राहतो आणि लांबचा विचार करायला जागा उरत नाही. या विषयावरच्या सगळ्याच प्रयोगांची फेरतपासणी पुढे सारखी निघाली नाही, त्यामुळे हा काही त्रिकालाबाधित नियम नव्हे. पण लासलगावला कांद्याचा भाव पडलेल्या आठवड्यात सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याशी कुणी बोललं असेल, तर त्याला यात नवल वाटणार नाही.

ताईंच्या नवऱ्याचं अंबडच्या एका कारखान्यातलं कंत्राट मार्चमध्ये संपलं. तिसऱ्याच आठवड्यात एक लांबची जाऊ 'सहज' चहाला आली आणि तिने प्लॅन दाखवला. तिच्याही घरी अशीच एक वही असणार, आणि तिच्यातल्या एका ओळीत ताईंचं नाव.

प्लॅन सोपा होता. साडेअठरा हजारांचं पॅकेज घेऊन आयडी, म्हणजे सभासद क्रमांक, लावायचा, पाच जण जोडायचे, त्या प्रत्येकाने पाच जोडायचे. काही कंपन्यांत पाचांऐवजी दोनच असतात, एक डाव्या लेगला, म्हणजे फांदीला, एक उजव्या लेगला, आणि दोन्हीकडची जोडी जुळली की पैसे. पाच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाच ओळखीचे चेहरे येतात, आणि गफलत तिथेच होते. पाचांचे पंचवीस, पंचविसाचे सव्वाशे, इथपर्यंत मन सोबत येतं. त्यापुढे ते सरळ रेषेत चालू लागतं, आणि आकडे मात्र उड्या मारत जातात. आठव्या पायरीला ३,९०,६२५ माणसं लागतात. नवव्या पायरीला १९,५३,१२५. नाशिक शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४,८६,०५३ होती. म्हणजे गंगापूर रोडपासून जेल रोडपर्यंत प्रत्येक जण, पाळण्यातल्या बाळासकट, जोडला तरी नववी पायरी भरत नाही. दहाव्या पायरीला ९७ लाखांवर माणसं हवीत, आणि सगळा जिल्हा मिळून होता ६१ लाखांचा. तेरावी पायरी १२२ कोटींची, त्या जनगणनेतल्या अख्ख्या भारतापेक्षा मोठी.

असा गुणाकार मनातल्या मनात करायला माणसाचा मेंदू फार कच्चा आहे. १९७५ मध्ये वागेनार आणि सागारिया या संशोधकांनी लोकांना अशा वेगाने वाढणाऱ्या आकड्यांच्या मालिका दाखवून पुढचा आकडा सांगायला लावला, तेव्हा लोकांचे अंदाज खऱ्या आकड्याच्या कितीतरी खाली आले. यात शिक्षणाचा फारसा दोष नाही. रोजच्या जगण्यात इतक्या वेगाने काही वाढतच नाही. व्याजावर चढणारं व्याज तेवढं वाढतं, आणि तेही सावकाराला बरोबर कळतं, कर्जदाराला उशिरा.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. साखळी कुठेही थांबवा, पाचव्या पायरीला की अकराव्या, पाचपाचच्या हिशोबात जवळजवळ ८० टक्के माणसं सगळ्यात शेवटच्या पायरीवर असतात. त्यांच्या खाली कुणीच नाही. त्यांच्या वरची पायरी धरली तर ९६ टक्के. म्हणजे पडझड झाली म्हणून शंभरातले ऐंशी रिकाम्या हाती राहत नाहीत. साखळी जोमात वाढत असते, हॉल भरलेले असतात, तेव्हाही आकडा हाच असतो. 'मेहनत कमी पडली' असं त्या ऐंशीतल्या प्रत्येकाला सांगितलं जातं. सगळ्यांनी दिवसाचे वीस तास मेहनत केली तरी कुणीतरी ऐंशी शेवटी राहणारच.

'पण आमचं प्रॉडक्ट खरं आहे' हा यावरचा नेहमीचा बचाव. असेलही. प्रश्न एवढाच की ते विकत कोण घेतं. साखळीबाहेरचा गिऱ्हाईक दुकानात मिळते त्या भावात ती टूथपेस्ट घेणार असेल तर तो धंदा आहे. आयडी ॲक्टिव्ह ठेवायला दर महिन्याला सभासदच माल उचलत असतील, तर फिरतोय तो त्यांचाच पैसा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये ७० कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेली उत्पन्नाची विवरणं तपासली. बहुतेक सभासदांची कमाई वर्षाला १००० डॉलर किंवा त्याहून कमी निघाली, आणि किमान १७ कंपन्यांत बहुतांश लोकांना काहीच मिळालेलं नव्हतं. बहुतेक विवरणांत माल, प्रवास, सेमिनारचं तिकीट हा खर्च वजा केलेलाच नव्हता.

आता मीटिंगच्या हॉलमध्ये येऊ. रविवारची सकाळ, कॉलेज रोडच्या बाजूचं एखादं सभागृह, मोठा आवाज, टाळ्या. स्टेजवर कालपर्यंत रिक्षा चालवणारा आणि आज गाडीतून आलेला माणूस, हातात झेरॉक्स केलेला चेक. तो खोटं बोलत असेलच असं नाही. पण जे सोडून गेले त्यांना स्टेजवर कुणी बोलावत नाही. लॉटरी लागलेल्यांचीच सभा भरवली, तर लॉटरी हा रोजगार वाटू लागेल.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. कागदावर काढलेल्या तीन रेघांपैकी कोणती चौथ्या रेघेइतकी लांब, एवढंच सांगायचं. लहान मूलही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून आलेले, आणि ते एकमुखाने चुकीचं उत्तर देतात. अशा फेऱ्यांमध्ये जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या बाजूने गेली. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतंय त्याच्या उलट सांगितलं. रेघांचं हे, तर भविष्यात मिळणाऱ्या कमिशनचं काय?

या प्रयोगाचा पुढचा भाग लोक कमी सांगतात. खोलीत एक जण जरी खरं बोलणारा ठेवला, तरी गर्दीचा जोर एकदम ओसरतो. एकच माणूस पुरतो. प्लॅन शिकवणाऱ्यांनी ॲश वाचला असेल असं मला वाटत नाही, पण अनुभवाने त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर पहिल्याच आठवड्यात ताईंना बजावलं होतं: 'निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा.' निगेटिव्ह म्हणजे कोण? प्रश्न विचारणारा भाऊ, बँकेतून निवृत्त झालेले सासरे, हिशोब मागणारी मुलगी. बाकीचं जग लबाड नाही, ते फक्त 'छोटा विचार' करतं, असं मनात भरवलं की तो एक माणूस खोलीबाहेर जातो.

आत शिरणं एक, बाहेर पडणं त्याहून अवघड. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात आर्क्स आणि ब्लूमर यांनी नाटकांच्या हंगामी तिकिटांवर केलेला एक प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तिकीट पूर्ण किमतीत मिळालं, काहींना अचानक सवलतीत. हंगामाच्या पहिल्या भागात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच होती, फक्त खिशातून जास्त गेलं होतं. गेलेला पैसा परत येत नसतो, तरी तो आपल्याला पुढे ओढतो. ताईंनी साडेअठरा हजार वाचवायला पुढच्या आठ महिन्यांत आणखी चाळीसेक हजार घातले. शिवाय तोपर्यंत मावसबहीण त्यांच्या खाली लागली होती. आता हे खोटं आहे असं मान्य करायचं म्हणजे मी बहिणीला फसवलं असंही मान्य करायचं. त्यापेक्षा 'पुढच्या महिन्यात पाच पूर्ण होतील' यावर विश्वास ठेवणं मनाला हलकं जातं. फसलेला माणूस इथे पुढच्याला ओढणाराही असतो, त्यामुळे तो पोलिसांत जात नाही. कुणाविरुद्ध जाणार? जावेविरुद्ध?

नाशिकला हे नवीन नाही. २०१४ मध्ये इथल्या केबीसी मल्टिट्रेड या कंपनीविरुद्ध गुन्हा दाखल झाला. तिथे मालापेक्षा ठेवी होत्या आणि कमी काळात पैसे कित्येक पटींनी वाढण्याचं आमिष होतं, पण पैसा गोळा झाला तो ओळखीपाळखीतूनच. याचं टोक पाहायचं तर १९९७ चा अल्बानिया. त्या देशात सुमारे दोन तृतीयांश लोकांचे पैसे अशा योजनांत होते. योजना बुडाल्या, दंगली पेटल्या, सुमारे दोन हजार माणसं मेली, सरकार पडलं.

कायदा आपल्याकडे १९७८ पासून आहे. पैशांची साखळी फिरवणाऱ्या योजनांवर त्याने बंदीच घातली. २०२१ च्या डिसेंबरात थेट विक्रीचे वेगळे नियम आले. नवीन माणसं जोडल्याबद्दल लाभ देणारी पिरॅमिड योजना त्यांत निषिद्ध आहे, आणि सामील झालेल्याला ठरावीक मुदतीत दंड न भरता करार मोडता येतो. ही मुदत करारात शोधावी; बहुतेकांनी तो करार वाचलेलाच नसतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. याच नियमांत असंही आहे की विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये. हे वाचून ताई हसल्या. सिन्नरला काकांकडे ओळखपत्र गळ्यात घालून जायचं का?

ते काका. गुडघ्यांसाठी त्यांनी सहा डबे घेतले, डॉक्टरांची गोळी बंद केली आणि दोन महिन्यांनी काठी घेतली. ते अजून काही बोललेले नाहीत. ताई सिन्नरला जाणं टाळतात.

वही परत करण्याआधी मी माझं नाव शोधलं. एकेचाळिसाव्या ओळीत होतं. नातं: शेजारी. गरजेच्या रकान्यात आधी काहीतरी लिहून खोडलेलं, आणि त्यावर वेगळ्या शाईने: 'प्रश्न विचारतात. नको.'