पार्श्वभूमी : दोन खुर्च्यांचा महोत्सव

वेल्समध्ये दर ऑगस्टच्या सुरुवातीला राष्ट्रीय आयस्टेधवोद भरतो. आठवडाभर कवी, गायक आणि वादक एकाच आवारात स्पर्धा करतात. आयस्टेधवोद या वेल्श शब्दात ‘बसणे’ हे क्रियापद आहे. आपण गाण्याची ‘बैठक’ म्हणतो, अगदी तसेच.

पहिली ठळक नोंद ११७६ च्या नाताळची. लॉर्ड रीस या राजपुरुषाने कार्डिगनच्या किल्ल्यात कवी-वादकांना बोलावले. त्याची वर्दी वर्षभर आधी वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये दिली होती. एक स्पर्धा कवींची, दुसरी वाद्ये वाजवणाऱ्यांची, आणि दोन्हींच्या विजेत्यांना मानाची एकेक खुर्ची. शब्द मोठा की सूर, या भांडणात न पडता दोघांना सारखे आसन देणारा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

पुढे याला सरकारी वळण लागले. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या फर्मानाने १५६७-६८ मध्ये केरविस गावी कवी-वादकांची परीक्षा घेतली गेली. उत्तीर्णांना परवाना मिळे. बाकीच्यांवर भटके म्हणून कारवाईची टांगती तलवार असे. उमरावांचा आश्रय आटला तशी ही परंपराही रोडावली.

पुनरुज्जीवन अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. योलो मोर्गानुग या पाथरवट कवीने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर कवींचे मंडळ जमवले आणि त्याचे विधी अतिप्राचीन असल्याचे सांगितले. ते त्याने स्वतःच रचले होते, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. तरीही १८१९ पासून हे विधी महोत्सवाशी जोडले गेले ते आजतागायत. १८४७ च्या सरकारी शिक्षण अहवालात वेल्श भाषेची आणि लोकांची नालस्ती झाली, ती जखम खोल होती. पहिला राष्ट्रीय आयस्टेधवोद १८६१ मध्ये अ‍ॅबरडेअरला भरला तेव्हा ती ताजीच होती. पुढे १९५० पासून कार्यक्रम फक्त वेल्शमध्येच करण्याचा नियम लागू झाला.

या इतिहासातला एक दिवस विसरता येत नाही. सप्टेंबर १९१७, इंग्लंडमधले बर्कनहेड. खुर्चीच्या विजेत्याचे टोपणनाव पुकारले गेले, पुन्हा पुकारले गेले, पण कोणीच उठले नाही. मग कळले की तो शेतकरी कवी, हेद विन, ३१ जुलैला पहिल्या महायुद्धातल्या पाशेंडेलच्या लढाईत मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळे कापड पांघरले गेले. ती खुर्ची आजही त्याच्या घरी, अर इस्गुर्नला, जपलेली आहे.

शब्द-सुरांचे नाते जवळून पाहायचे असेल, तर ‘केर्ध दान्त’ ऐकावे, म्हणजे तारांचे संगीत. हार्पवर ठरलेली धून वाजत असते. गायक तिच्यात लगेच मिसळत नाही. काही मात्रा जाऊ देतो आणि मग कविता वेगळ्याच चालीवर गाऊ लागतो. कवितेचा अर्थ आणि आघात जपत ही चाल बांधलेली असते, आणि शब्द अस्पष्ट गेले तर परीक्षक गुण कापतात. दोन चाली शेजारी शेजारी चालत राहतात आणि शेवटच्या सुरावर, समेवर यावे तशा, एकदमच येऊन थांबतात.