शास्त्राभ्यास आणि शास्त्रमनन

‘वचनात वाढणे’ हा शब्दप्रयोग आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नेहमी ऐकू येतो आणि बहुधा तो दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. बायबलातील रोमकरांस पत्राचा अध्यायवार अभ्यास पुरा करणाऱ्या तरुणाविषयी आपण तसे म्हणतो आणि पहाटे एकच ओळ वाचून ती दिवसभर मनाशी धरून राहणाऱ्या आजीविषयीही तसेच म्हणतो. दोघांच्या हातात पवित्र शास्त्रच असते, पण दोघे करत असतात ते काम एक नव्हे. शास्त्र माणसाला बदलते असे आपण मानतो, तर तो बदल यांपैकी कोणत्या वाटेने येतो हे समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते.

अभ्यास अर्थ शोधतो. हे कोणी लिहिले, कोणाला लिहिले, मागेपुढे काय आहे, मूळ भाषेत कोणता शब्द आहे, हे त्याचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे तपासून पाहता येतात, आणि ख्रिस्तावर विश्वास नसलेला विद्वानही ती अचूक देऊ शकतो. मननाला अर्थ कळलेला असतो किंवा कळू लागलेला असतो. ते वचन खरे असेल तर आज, या घरात, माझ्या या रागात किंवा भीतीत देव मला काय म्हणत आहे, हे त्याच्यासमोर बसून विचारणे म्हणजे मनन. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो असे म्हटले आहे. तेथील ‘हागा’ हे हिब्रू क्रियापद यशयाच्या 31व्या अध्यायात भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि 38व्या अध्यायात पारव्याच्या कण्हण्यासाठी आले आहे. म्हणजे हे मनन निःशब्द नव्हे. ओठांशी पुटपुटत, तेच तेच शब्द पुन्हा उच्चारत, रवंथ केल्यासारखे ते चालते. मन रिकामे करण्याच्या ध्यानाशी त्याची गल्लत होऊ नये, कारण येथे मन देवाच्या शब्दांनी भरायचे असते.

या दोहोंतले अंतर ख्रिस्तजन्माच्या वृत्तांतांत स्पष्ट दिसते. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, यरुशलेमेत आले तेव्हा हेरोद राजाने मुख्य याजकांना व शास्त्र्यांना ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हायचा हे विचारले आणि त्यांनी मीखा संदेष्ट्याच्या वचनाच्या आधारे बेथलेहेम असे बिनचूक सांगितले. बेथलेहेम तेथून जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर आहे. तरी त्यांच्यापैकी कोणी मागी लोकांबरोबर तेथे गेल्याचे मत्तय सांगत नाही. लूकने मात्र मरीयेविषयी लिहिले आहे की, तिने या सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन केले. शास्त्र्यांचे उत्तर बरोबर होते, म्हणून तर हा प्रसंग मला अधिक अस्वस्थ करतो.

आपल्या मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. संस्कृत विद्येत वाढलेल्या, हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या विदुषीला कलकत्त्यात प्रथम बायबल मिळाले तेही संस्कृतातच. पण त्याची भाषा आणि शिकवण इतकी परकी वाटली की ते वाचणे म्हणजे वेळ घालवणे असे त्यांना वाटले. पुढे आसामात सिलचरला घरच्या ग्रंथसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची छोटी बंगाली प्रत हाती लागली आणि गोडी निर्माण झाली. इंग्लंडमध्ये लंडनच्या फुलहॅम भागात पतित मानलेल्या स्त्रियांसाठी चाललेले प्रेमाचे काम पाहून त्या हेलावल्या. त्याची प्रेरणा त्यांनी विचारली तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची हकिगत त्यांना वाचून दाखवण्यात आली. 1883 साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पण येथे गोष्ट संपत नाही, आणि या पुढच्या भागाकडे आपले लक्ष कमी जाते. बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांत त्यांनी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्तांवर आपल्या इंग्रज मार्गदर्शक स्त्रियांशी पत्रांतून कसून वाद घातला. शास्त्र तपासले, पटले नाही ते नाकारले. हा अभ्यास प्रामाणिक होता. तरीही पुढे आपल्या साक्षीत त्यांनी सांगितले की, बाप्तिस्म्याला आठ वर्षे लोटल्यावर त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. ख्रिस्ताद्वारे मिळणारे तारण पुढे कधीतरी मिळायचे नसून आत्ताचे आहे, हे पवित्र आत्म्याने देवाच्या वचनातून त्यांना स्पष्ट केले, आणि त्यांनी ते स्वीकारले. या आठ वर्षांत पुस्तक बदलले नव्हते आणि त्यांची बुद्धीही आधी काही उणी नव्हती. वचनाविषयी निर्णय देणाऱ्या रमाबाई आता वचनापुढे स्वतःला ठेवून बसल्या होत्या, असे मी या साक्षीचे वाचन करतो.

मात्र यावरून अभ्यास दुय्यम आहे असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. ‘तुमच्याविषयी माझे जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत’ या आशयाचे यिर्मया 29:11 हे वचन घरोघरी भिंतीवर दिसते, आणि नोकरीच्या मुलाखतीला निघालेला माणूस ते आपल्यापुरते घेतो. आदल्याच, दहाव्या वचनात बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर देव आपल्या लोकांना परत आणील असे आहे. हे वचन यिर्मयाने बाबेलात बंदिवान करून नेलेल्या आपल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातले आहे, आणि ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांचा मृत्यू परदेशातच होणार होता. त्यांना घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा असे सांगितले होते. हा संदर्भ कळल्यावर वचन फिके पडत नाही. ताबडतोब सुटका होईल असे न सांगता देव आपल्याला विसरलेला नाही, हे ते सांगते, आणि ज्याच्या घरी वर्षानुवर्षे आजारपण आहे अशा माणसाला याच अर्थाने ते धरून ठेवता येते. अभ्यासावाचून केलेल्या मननात आपण आपल्याच इच्छेची उजळणी करत असतो. प्रभू येशूची परीक्षा घेताना सैतानानेही 91व्या स्तोत्रातील वचनच म्हटले होते.

मग आपण यांतले काय करत आहोत हे ओळखावे कसे? माझ्या पाहण्यात एक खूण आहे. अभ्यासाचा प्रश्न उत्तर मिळाले की मिटतो आणि वही बंद होते. मननाचा प्रश्न उत्तर मिळाल्यावरही दुपारी जिन्यावर शेजारी भेटतो तेव्हा पुन्हा समोर येतो, कारण त्याला काल बोललेल्या कठोर शब्दाबद्दल क्षमा मागायची राहिलेली असते. याकोब वचन केवळ ऐकणाऱ्याला आरशात तोंड पाहून लगेच स्वतःचे रूप विसरणाऱ्या माणसाची उपमा देतो, ती येथे लागू पडते. पौल मात्र रोमकरांना ‘स्वतःचे रूपांतर होऊ द्या’ असे लिहितो. मूळ ग्रीक क्रियापद कर्मणी प्रयोगात आहे, आणि तेच क्रियापद डोंगरावर येशूचे रूप पालटले त्या प्रसंगी मत्तयाने योजले आहे. माणसाने आपल्या हाताने स्वतःला घडवण्याची ही कसरत नव्हे. देव बदलतो, आपण त्याच्या शब्दाखाली राहतो.

रमाबाईंनी त्या अनुभवानंतर अभ्यास सोडला नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले, आणि 1924 साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले.