धार जाते कणभर, फेकतो मूठभर

दाढीचा केस ब्लेडच्या पोलादापेक्षा जवळजवळ ५० पट मऊ असतो. तरीही चार-सहा दाढ्या झाल्या की ब्लेड ओढायला लागतं, गालाची आग होते आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत घरोघरचा यूज अँड थ्रो रेझर मुठीसकट कचऱ्यात जातो. एवढ्याशा केसापुढे पोलाद हरतं कसं?

घासून झिजत असेल, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेतल्या एमआयटीच्या धातुशास्त्रज्ञांनी ते तपासलं. २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला. त्यांच्यातल्या एकानं साध्या डिस्पोजेबल रेझरनं स्वतःची दाढी केली आणि पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. झीज फारशी नव्हतीच. धारेचे टवके उडालेले होते. केस वाकून तिरपा आला आणि नेमकं तिथंच पोलाद आतून कुठं कडक, कुठं जरा मऊ असलं, की ताण त्या जागी एकवटतो आणि टवका उडतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. ब्लेडचं पोलाद म्हणजे सुमारे १३ टक्के क्रोमियमचं स्टेनलेस. तापवून झटकन थंड केलं की त्यात मार्टेन्साइट नावाची कडक रचना तयार होते. लोहार विळ्याला पाणी देतो, त्यामागचं शास्त्रही हेच. कडकपणा आला की ठिसूळपणा सोबत येतो.

म्हणजे बिघडतं काय, तर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी धार. आणि आपण टाकतो प्लास्टिकची मूठ, रबरी पकड, बुळबुळीत पट्टी आणि त्यात घट्ट बसवलेली पाती. हे सुटं करत बसणं भंगारवाल्याला परवडत नाही. बेळगावात ते घंटागाडीतून तुरमुरीच्या डेपोची वाट धरतं. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत स्ट्रॉ आहेत, काटे-चमचे आहेत, रेझर नाही.

खरं तर जिलेट यांना १९०४ साली ज्या सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं, त्यात मूठ कायमची होती आणि फेकायचं ते फक्त पातं. मुठीसकट फेकायचा बिकचा रेझर १९७५ साली आला. आजही धातूचा रेझर आणि दोन धारांचं ब्लेड सहज मिळतं. ब्लेडची जाडी ०.१ मिलिमीटर, वजन एक ग्रॅमही नाही. आपले सलूनवाले तर तेच ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात. ब्लेड घेताना कागदी पुडीतलं घ्यावं, नाहीतर प्लास्टिक मागच्या दारानं घरात येतं. धातूची मूठ घडवायलाही इंधन जळतंच. त्यामुळे हौसेनं दर वर्षी नवी घेणाऱ्यानं पर्यावरणाचं नाव न घेतलेलं बरं.

सवय मात्र बदलावी लागते. तीन पात्यांच्या रेझरवर जोर देऊन दाढी करणारा धातूच्या रेझरनं पहिल्याच दिवशी हनुवटी कापून घेतो. रेझर त्वचेशी साधारण ३० अंशांत धरायचा आणि हात हलका ठेवायचा, दाबाचं काम रेझरचं वजनच करतं. त्याआधी दोन-तीन मिनिटं दाढी कोमट पाण्यानं भिजवायची. पाणी केसातल्या केराटिनमध्ये शिरून त्याचे हायड्रोजन बंध सैल करतं, केस फुगतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. माझ्या मते महागड्या फोमपेक्षा ही दोन मिनिटं मोलाची. कापलंच तर तुरटी आहे: तिच्यातलं ॲल्युमिनियम प्रथिनं गोठवतं आणि बारीक रक्तस्राव थांबतो.

वापरलेलं ब्लेड सुटं टाकू नये, घंटागाडीवरच्या माणसाचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाडून त्यात टाकत जावं. डबा भरायला वर्षं लागतात. भरला की स्टेनलेसच्या भंगारात द्यावा. ओळखीचा फौंड्रीवाला असला तरी बिडाच्या भट्टीसाठी तो हे घेणार नाही. क्रोमियममुळे बिडात कार्बाइड धरतं, कास्टिंग नको तितकं कडक होतं आणि मग ते लेथवरचं टूल खातं.